रुग्णसेवा आणि पुंडलिकाची वीट

सज्जनहो, आमच्या दिंडीतील दोन वृद्ध वारकऱ्यांची हकिकत प्रथम सांगतो, आणि मग तिच्यातून जो प्रश्न आम्हांस पडला तो आपणांपुढे ठेवतो.

दोघेही शेतकरी. दोघांच्याही गळ्यात लहानपणापासून तुळशीची माळ. दोघांनाही हर्नियाचा त्रास होता, आणि तीन-चार वर्षांच्या अंतराने दोघांवरही शस्त्रक्रिया झाली. इस्पितळे मात्र वेगवेगळी. पहिल्याला टेबलावर घेतल्यावर कोणाच्या तरी ध्यानात आले की याच्या गळ्यात माळ आहे. घाई म्हणा, रोजची सवय म्हणा, कात्री घेतली आणि माळ कापली. मणी कापसाच्या बोळ्यांबरोबर बादलीत गेले. शस्त्रक्रिया उत्तम झाली. टाके वेळेवर निघाले आणि काही महिन्यांनी गडी पुन्हा शेतात उभा राहिला. पण इतक्या वर्षांत त्या डॉक्टरांचे नाव त्याच्या तोंडून आम्ही ऐकले नाही. एकदा आम्हीच म्हटले, "अहो, बरे तर झालात ना? माळेचे काय, आळंदीला दुसरी घेतलीत." त्यावर तो म्हणाला, "महाराज, माळ गेल्याचं दुःख न्हाई. मला इचारलं असतं तर म्याच काढून दिली असती. कुणी इचारलं न्हाई."

दुसऱ्याची गोष्ट अशी. शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी डॉक्टर त्याच्या खाटेपाशी आले आणि स्टूल ओढून बसले. गळ्याकडे पाहून म्हणाले, "बाबा, माळ कधीपासून?" याने सांगितले. डॉक्टर म्हणाले, "उद्या भूल देताना घशात नळी घालावी लागेल, तेव्हा गळा मोकळा हवा. माळ कोणाच्या हाती द्यायची?" म्हातारा गप्प झाला. माळ गळ्यात नसता पाणीही घ्यायचे नाही असा आपल्यात पुष्कळांचा नेम असतो, तसा याचाही होता. त्याने चाचरत तो सांगितला. डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "तसेही तुम्हांला सकाळपासून उपाशीच ठेवायचे आहे. पाण्याचा पहिला घोट घेण्यापूर्वी माळ गळ्यात येईल, ही माझी जबाबदारी." आणि शस्त्रक्रियेनंतर परिचारिकेने करावयाच्या गोष्टींचा जो कागद असतो, त्यावर औषधांच्या खाली त्यांनी लिहिले, 'पाणी देण्यापूर्वी माळ घालणे.' म्हाताऱ्याला शुद्ध आली, जरा वेळाने परिचारिकेने आधी माळ घातली आणि मग पाणी पाजले.

आता प्रश्न असा. दोघांचा रोग एक, इलाज एक, गुणही एकच आला. व्रणाची खूणसुद्धा जवळजवळ सारखीच. मग दुसऱ्या डॉक्टरांनी जास्त काय दिले? ज्याला आपण आस्थेने केलेली रुग्णसेवा म्हणतो, ती इलाजाचाच भाग आहे, की इलाजावर वरून पसरलेली साखर?

कोणी म्हणेल, "हा नुसता सभ्यपणा झाला. डॉक्टराचे खरे काम रोग ओळखणे व घालवणे. गोड बोलणारा पण हाताने कच्चा असा डॉक्टर आम्हांला नको." यातला दुसरा भाग आम्हांला पूर्ण मान्य आहे. हात कच्चा असेल तर गोड बोलणे ही फसवणूकच होय. पण पहिला भाग मान्य नाही, आणि तो का नाही हे एकादशीच्या दाखल्याने सांगतो.

साखरेचा आजार आता वारकऱ्यांतही पुष्कळांना आहे. या रोगावरची काही औषधे अशी आहेत की पोटात पुरेसे अन्न नसता ती घेतली, तर रक्तातली साखर धोक्याइतकी खाली उतरते. घाम सुटतो, हातपाय कापतात, भान हरपते. उलट, उपासाच्या साबुदाण्याने आणि बटाट्याने ती भलतीच चढते. म्हणजे एकादशीला निर्जळ राहणारा एका बाजूने संकटात आणि फराळ करणारा दुसऱ्या बाजूने! अशा रोग्याला डॉक्टरांनी अचूक तपासून अचूक गोळी दिली, पण "बाबा, उपास करता का? कसा करता?" एवढे विचारले नाही, तर काय होईल? आमच्या दिंडीतला एक टाळकरी असाच एका एकादशीला कीर्तनात खाली कोसळला. तपासणीचा कागद बरोबर होता, गोळीही बरोबर होती. त्या दिवशी त्याच्या पोटात काय जाणार होते, हे मात्र कोणी विचारले नव्हते.

वारीचेही तसेच. या आजारात पायांची जाणीव मंदावते, फोड आला तरी कळत नाही, आणि दुर्लक्ष झाले तर पाय गमावण्यापर्यंत पाळी येते. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटरची वाट. "चालू नका" असे सांगून एखादा डॉक्टर मोकळा होतो. रोगी मान डोलावतो आणि ज्येष्ठात निघतो तो निघतोच! दुसरा डॉक्टर विचारतो, "तुम्ही जाणारच ना? मग नीट जा. अनवाणी चालू नका. रोज मुक्कामावर पाय धुऊन तळवे कोणाकडून तरी पाहून घ्या. औषध केव्हा आणि किती, ते मी वाटेच्या हिशेबाने लिहून देतो." आणि पाय खरोखरच चालण्याजोगा नसेल, तर याच डॉक्टराचे "यंदा नको" हे शब्द रोगी ऐकतो. कारण याने आपली वारी समजून घेतली आहे, हे त्याला ठाऊक असते.

तेव्हा आस्था ही साखर नव्हे. ती औषधाची वाट आहे. आपल्या जुन्या वैद्यकालाही हे माहीत होते. चरकसंहितेत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. परिचारकाच्या अंगी रोग्याविषयी अनुराग हवा असे तेथे म्हटले आहे, आणि रोग्याच्या गुणांत आपली व्यथा सांगता येणे हा एक गुण धरला आहे. पण सांगणाऱ्याला ऐकणारा नको का? अमेरिकेत १९८४ साली बेकमन व फ्रँकेल या दोघांनी डॉक्टर व रोगी यांच्या भेटींचा अभ्यास प्रसिद्ध केला. रोगी आपले दुखणे सांगू लागला की सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर त्याला मध्येच तोडतात, असे त्यांना आढळले. अठरा सेकंदांत आपला म्हातारा "त्याचं असं झालं बघा" एवढ्यावर येतो!

पण वाचकहो, आमच्या पहिल्या वारकऱ्याचा प्रश्न अजून शिल्लकच आहे. त्याचे शरीर तर बरे झाले होते. न विचारल्याने गुणात काही उणे आले नव्हते. मग त्याचे गेले काय? आम्हांस वाटते ते असे. माळ कापणाऱ्या हाताला त्या टेबलावर एक पोट दिसत होते. त्या पोटाचा धनी कोणी आहे आणि त्याला काही विचारता येते, हे त्या हाताच्या ध्यानात नव्हते. सर्वांभूती देव आहे असे आपण रोज म्हणतो. त्याचा व्यवहारातला अर्थ फार मोठा नाही. समोरच्याच्या वस्तूला, देहाला, नेमाला हात लावण्यापूर्वी त्याला विचारणे, एवढाच आहे. विचारणे म्हणजे हा कोणीतरी आहे, ही कबुली देणे. पहिल्याला इलाज मिळाला, ही कबुली मिळाली नाही.

हेच मोठ्या प्रमाणावर कसे घडते, याचा दाखला गडचिरोली जिल्ह्यात आहे. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी तेथे १९८६ साली काम सुरू केले. आदिवासी लोक इस्पितळाला बिचकतात असे पाहून त्यांनी त्या लोकांनाच विचारले की दवाखाना कसा हवा. मोठ्या इमारतीची आम्हांला भीती वाटते, नातलगांना रोग्याजवळ राहू देत नाहीत, असे लोकांनी सांगितले. मग झोपड्यांसारखी बांधणी झाली, आप्तांना जवळ राहण्याची सोय झाली, आणि दवाखान्याला त्यांच्याच दंतेश्वरी देवीचे नाव दिले गेले. लोक येऊ लागले. विद्या तीच होती, पण तिने आधी घरच्यांची परवानगी मागितली.

आता यावर खरी अडचण ऐका. एक डॉक्टर आम्हांला म्हणाले, "महाराज, प्रवचनात हे ठीक आहे. माझ्या दारात सकाळी दीडशे माणसे असतात. एकाच्या खाटेवर दहा मिनिटे बसलो तर ती दहा मिनिटे कोणाची? बाहेर ताटकळणाऱ्या बाईची. एकावर माया करायची म्हणजे दुसऱ्यावर अन्याय करायचा." हे खोटे नाही, आणि यातून सोपी सुटका नाही.

आम्ही यावर विचार करीत होतो तेव्हा पुंडलिकाची कथा नव्याने समोर आली. आईबापांची सेवा चालू असता प्रत्यक्ष देव दारात आला. पुंडलिकाने सेवा टाकली नाही, आणि देवाला हाकललेही नाही. वीट फेकली व म्हणाला, यावर उभा राहा. आजवर आम्ही या कथेत सेवेची थोरवी पाहत होतो, विटेकडे नीट पाहिले नव्हते. ज्याला थांबवायचे त्याला उभे राहायला जागा देणे, हाही त्या सेवेचाच भाग होता. हातातल्या माणसाकडे पूर्ण लक्ष आणि दारातल्या माणसाला वीट, हाच त्या अडचणीचा तोडगा आहे. बाहेरच्या बाईला बसायला बाकडे, प्यायला पाणी, आणि "अजून तासभर लागेल" असा एक खरा शब्द मिळाला तर तिचे थांबणे अपमानाचे राहत नाही. आणि आतले लक्ष मिनिटांवर मोजायचे नसते. माळेची विचारपूस पाच मिनिटांतच उरकली होती, पण त्या पाच मिनिटांत डॉक्टरांचे चित्त दुसरीकडे नव्हते.

दुसरी गोष्ट सप्ताहातल्या वीणेची. वीणा खाली ठेवायची नाही, पण एकाच माणसाने अहोरात्र धरायची असेही नाही. पहारा संपला की नमस्कार करून ती पुढच्याच्या गळ्यात द्यायची. इस्पितळात एक डॉक्टर घरी जातो, दुसरा येतो. रोग्याची हकिकत नीट सांगून, कागदावर लिहून पुढच्याच्या हाती दिली तर वीणा खाली ठेवली गेली नाही. आमच्या म्हाताऱ्याला माळ परिचारिकेने घातली, त्या वेळी डॉक्टर तेथे नव्हतेही.

पण ही वीट पुरवायची कोणी? दीडशे माणसांमागे एक डॉक्टर हा डॉक्टराचा दोष नव्हे. तो आपल्या सर्वांचा आहे. मंदिराच्या कळसासाठी आपण वर्गणी काढतो, तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टर किती आणि परिचारिका किती, हे ग्रामसभेत विचारतो का? गाडगे महाराजांनी (१८७६-१९५६) पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक येथे यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधविल्या. आज मुंबईत दादरला त्यांच्या नावाने चालणाऱ्या धर्मशाळेत परळच्या टाटा रुग्णालयात येणारे कर्करोगी व त्यांचे आप्त राहतात. रोग्याला उभे राहायला दिलेली वीट ती हीच. आपण डॉक्टर नसलो तरी वीट आपल्याला देता येते. कोणाच्या रोग्याजवळ रात्री बसता येते, नवख्या बाईला कोणत्या खिडकीशी चिठ्ठी मिळते ते दाखवता येते.

शेवटी एक आपल्यालाच सांगणे. आपण चटकन म्हणतो, "डॉक्टर म्हणजे देव." ऐकायला बरे वाटते, पण त्यात धोका आहे. देव म्हटले की त्याला झोप नाही, भूक नाही, चूक नाही आणि मरण टाळणे त्याच्या हातात! मग रोगी दगावला की तोच देव दानव ठरतो. डॉक्टरांवर होणाऱ्या हल्ल्यांना आळा घालण्यासाठी महाराष्ट्रात २०१० साली कायदा करावा लागला. आदल्या दिवशी पाया पडणारे आणि दुसऱ्या दिवशी हात उगारणारे पुष्कळदा एकाच घरचे असतात. आपल्या पंथाची रीत निराळी आहे. येथे भेटलेला प्रत्येक जण माउली, आणि पाया पडणे दोन्ही बाजूंनी. डॉक्टराने रोग्याला नावाने ओळखावे, तसे रोग्यानेही डॉक्टराला माणूस म्हणून ओळखावे. काय खाल्ले, कोणती गोळी चुकवली, कोणाची जडीबुटी घेतली, हे त्याला खरे सांगावे. विचारणाऱ्याला खरे उत्तर देणे ही रोग्याच्या बाजूची सेवा होय.

दुसऱ्या वारकऱ्याने बरे झाल्यावर काय केले ते सांगून थांबतो. पुढच्या वारीहून त्याने त्या डॉक्टरांसाठी प्रसादाच्या लाह्या-बत्तासे नेले. डॉक्टर म्हणाले, "बाबा, मी काही माळकरी नाही." म्हातारा म्हणाला, "नसू द्या. माझी माळ तुम्ही सांभाळलीत." पहिल्या वारकऱ्याला आम्ही ही गोष्ट सांगितली. तो बराच वेळ गप्प होता. मग गळ्यातल्या नव्या माळेवरून हात फिरवीत म्हणाला, "त्या डॉक्टरास्नी भेटून यावं म्हणतो. राग न्हाई. एवढंच सांगीन, पुढच्याला इचारा."

आम्हीही याहून अधिक काही सांगू इच्छीत नाही. रामकृष्णहरि.