पकड सुटते कशी?

चिकटलेलं काही निघत नसेल तर आणखी जोर लावावा, ही आपली पहिली बुद्धी. मूत्रमार्गात शिरणारा ई. कोलाय हा जिवाणू नेमका या बुद्धीवर जगतो.

हा जीव लांबीने मिलीमीटरच्या पाचशेव्या भागाएवढा. आतड्यात तो बहुधा निमूटपणे नांदतो. तिथून मूत्राशयात पोचला की मात्र जळजळ, कळ, पुन्हापुन्हा लघवीला धावणं सुरू होतं. मूत्राशय दिवसातून कितीतरी वेळा रिकामं होतं; तिथे टिकायचं तर काहीतरी धरून राहायला हवं. त्यासाठी त्याच्या अंगावर केसांहून कितीतरी बारीक असे तंतू असतात आणि प्रत्येक तंतूच्या टोकाशी फिम-एच नावाचं प्रथिन. मूत्राशयाच्या अस्तरावरच्या प्रथिनांना मॅनोज ही साखर जोडलेली असते. फिम-एच ती साखर ओळखतं आणि धरतं. संसर्गाची सुरुवात या पकडीपासून होते.

2002 मध्ये सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात वेंडी थॉमस, एव्हगेनी सोकुरेंको, व्हायोला फोगेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पकडीची एक विलक्षण गोष्ट जगापुढे मांडली. गिनी पिगच्या तांबड्या रक्तपेशी आणि हे जिवाणू एकत्र करून मिश्रण डोलवलं की त्यात गुठळ्या होत. डोलवणं थांबवलं की गुठळ्या आपोआप मोकळ्या होत. म्हणजे हलवल्याने सुटायचं ते धरून बसत होतं आणि स्वस्थ ठेवल्यावर सुटत होतं. कारण फिम-एचच्या रचनेत आहे. त्याचे दोन भाग एरवी एकमेकांना टेकलेले असतात आणि साखर धरणारा खळगा सैल असतो. तंतूला ताण बसला की ते भाग एकमेकांपासून दूर होतात आणि खळगा साखरेभोवती आवळतो. निरगाठच ती, ओढाल तेवढी घट्ट. ताण नसेल तेव्हा हाच जिवाणू धर-सोड करत अस्तरावरून सरकतो आणि नव्या जागा गाठतो.

मग शरीर काय करतं? प्रवाह तर ते वापरतंच, आणि तो वाया जात नाही. वारंवार संसर्ग होणाऱ्या आणि मुळात पाणी कमी पिणाऱ्या स्त्रियांनी रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायल्यावर त्यांचा त्रास जवळजवळ निम्म्यावर आला, असं 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत दिसलं. पण प्रवाहाच्या जोडीला शरीराचा दुसरा उपाय असतो. मूत्रपिंडं युरोमोड्युलिन नावाचं प्रथिन लघवीत सोडत असतात. निरोगी माणसाच्या लघवीत सर्वांत जास्त असणारं प्रथिन हेच. त्याचे लांबलचक धागे होतात आणि त्या धाग्यांवर जागोजागी तीच मॅनोज साखर असते. जिवाणूचे तंतू अस्तराऐवजी या धाग्यांना धरतात, जिवाणूंचे पुंजके होतात आणि लघवीबरोबर बाहेर पडतात. झुरिकच्या संशोधकांनी 2020 मध्ये या धाग्यांची रचना आणि त्यात गुंतलेले जिवाणू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले.

तीच साखर पुडीतून घेतली तर? ब्रिटनमध्ये 598 स्त्रियांवर तेही करून पाहिलं गेलं. 2024 मध्ये आलेला निष्कर्ष असा, की रोज मॅनोज घेऊन संसर्गाचं परतणं लक्षणीय कमी झालं नाही. ओळखीची गोष्ट नुसती ओतून भागत नाही. ती योग्य जागी, धरता येईल अशा रूपात असावी लागते.

शरीराच्या या युक्तीत मला महत्त्वाचं वाटतं ते हे: जिवाणूला सोडवण्यासाठी शरीराने दुसरंच काही पुढे केलं नाही. जिवाणूने जे धरलं होतं, तेच त्याला दुसरीकडे धरायला दिलं.

माणसांच्या पकडीचंही असंच असतं. गावात एकटे राहणारे वडील शहरात यायला तयार नसतात. मुलं फोनवरून वयाचा, आजारपणाचा, घसरून पडण्याचा धाक घालतात. प्रत्येक फोनागणिक वडिलांचा नकार पक्का होत जातो. अशा वेळी त्यांनी नेमकं काय धरलं आहे, हे कुणी विचारत नाही. ते घराच्या भिंतींपेक्षा पहाटेचं आपल्या हातचं काम असू शकतं, दारावरून जाणाऱ्याने नावाने मारलेली हाक असू शकते, किंवा आपल्या पैशांचा हिशेब आपणच ठेवण्याचा मान. हे कळलं, तर निदान शहरात त्याची सोय करता येईल का, यावर बोलणं सुरू होतं. हट्ट म्हणून जे दिसतं, ते बरेचदा ताणाखाली आवळलेली पकड असते.

इथे जिवाणूचा दाखला संपतो. शरीर जिवाणूला चकवतं आणि ते योग्यच आहे. माणसाला चकवून चालत नाही. त्याच्याकडून जे सोडवून घ्यायचं, त्याच्या तोलाचं काही त्याला खरोखर द्यावं लागतं. तसं देण्याजोगं आपल्यापाशी काहीच नसेल, तर आपली मागणी तरी रास्त आहे का, हे आधी स्वतःला विचारावं.