सोपे म्हणणारा कोण?

काम किती सोपे किंवा किती अवघड आहे, हे सांगणाऱ्या वाक्प्रचारांचा इंग्रजीत तोटा नाही. त्यांचे अर्थ पाठ करता येतात. ते कुणी, कुणाला आणि कुठे म्हणावेत, हे मात्र शब्दकोशातून सहसा कळत नाही. कामापेक्षा बोलणाऱ्याचा पवित्राच त्यांतून जास्त दिसतो.

'पीस ऑफ केक', म्हणजे अगदी सोपे काम, हा वाक्प्रचार दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात चांगलाच रुळला. जिवावरच्या मोहिमेलाही वैमानिक बेफिकिरीने तसे म्हणत. १९४० मध्ये लेखक रोआल्ड डाल यांचे लढाऊ विमान उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात कोसळले. कवटीला इजा झाली, काही काळ दृष्टीही गेली. त्या अनुभवावरच्या कथेला त्यांनी नाव दिले 'अ पीस ऑफ केक'. भोगलेल्याने म्हटल्यामुळे त्या सोपेपणाला धार आली.

'केकवॉक'चा उगम याहून बोचरा आहे. अमेरिकेच्या दक्षिणेतील मळ्यांवर गुलाम कृष्णवर्णीय स्त्रीपुरुष ऐटबाज चालीचे नृत्य करत आणि सरस जोडीला केक मिळे. गोऱ्या मालकांच्या नखऱ्यांची ती नक्कल होती, असे मानले जाते. पुढे हा शब्द सहज मिळणाऱ्या यशासाठी वापरला जाऊ लागला. फेब्रुवारी २००२ मध्ये माजी अमेरिकी अधिकारी केन ॲडेलमन यांनी 'वॉशिंग्टन पोस्ट'मध्ये इराकची मोहीम 'केकवॉक' ठरेल असे लिहिले. मार्च २००३ मध्ये युद्ध सुरू झाले आणि अमेरिकी फौजा डिसेंबर २०११ मध्ये परतल्या. तोवर हा शब्द ॲडेलमन यांना चांगलाच चिकटला होता.

काही वाक्प्रचार जवळजवळ नकारातच वापरले जातात. 'हे काही रॉकेट सायन्स नाही' असेच म्हणतात. 'हे रॉकेट सायन्स आहे' असे क्वचितच कुणी म्हणेल. त्यातही वक्ता कोण, हे महत्त्वाचे. शिकवणाऱ्याने म्हटले तर धीर येतो, चूक झाल्यावर वरिष्ठाने म्हटले तर तो टोमणा होतो.

अवघड कामांसाठी इंग्रजी ग्रीक पुराणांकडे वळते. हर्क्युलीसने ऑजियस राजाचे वर्षानुवर्षे न झाडलेले गोठे नद्यांचा प्रवाह वळवून एका दिवसात धुऊन काढले. म्हणून 'हर्क्युलियन' काम म्हणजे प्रचंड, पण संपणारे. डोंगरावर दगड ढकलत नेण्याची शिक्षा मिळालेल्या सिसिफसचा दगड मात्र शिखराजवळ पोहोचला की पुन्हा खाली घरंगळतो. 'सिसिफियन' कामाला शेवटच नाही. इंग्रजी बातम्यांत हा भेद फारसा पाळला जात नाही. दर पावसाळ्यात त्याच रस्त्यावरचे तेच खड्डे बुजवणे दुसऱ्या प्रकारात मोडते, कितीही घाम गाळला तरी.

कार्यालयांत सध्या 'चॅलेंजिंग' हा सभ्य पर्याय चालतो. जमणार नाही असे वाटणाऱ्या कामालाही तो लागतो आणि ऐकणाऱ्याला नेमके काहीच कळत नाही. अर्जात वा अहवालात हे सारे अलंकार बाजूला ठेवून किती दिवस आणि किती माणसे लागतील, एवढेच लिहावे.