मूळ कुणाचं?

उत्तर आयर्लंडच्या फर्मॅना काउंटीत जॉर्ज विलिस नावाचा एक माणूस कूळ म्हणून शेती करायचा. अठराव्या शतकात केव्हातरी डोंगराच्या उतारावर त्याला यू या झाडाची दोन वेगळीच रोपं दिसली. यू हा युरोपातला सदाहरित वृक्ष एरवी चारही अंगांनी ऐसपैस पसरतो. ही दोन रोपं मात्र सगळ्या फांद्या अंगाशी घेऊन सरळ वर निघाली होती, थंडीत माणूस दोन्ही हात छातीशी आवळून उभा राहतो तशी. विलिसनं ती मुळासकट काढली. एक आपल्या परसात लावलं, दुसरं जमीनदाराच्या वाड्यावर, फ्लॉरेन्स कोर्टला, नेऊन दिलं. परसातलं झाड १८६५ साली मेलं. वाड्यावरचं अजून जिवंत आहे.

आज इंग्लंड-आयर्लंडमधल्या चर्चच्या आवारांत, दफनभूमींत आणि घरांच्या फाटकांपाशी जो काळपट हिरवा, खांबासारखा आयरिश यू दिसतो, तो याच एका झाडापासून आलेला आहे. वाड्यावरचं झाड मादी आहे. त्याला लाल, गरदार टोपीत बसलेल्या बिया येतात. पण त्या पेरल्या की बहुतेक रोपं आजोळच्या वळणावर जातात आणि आडवी पसरतात. उभेपणा टिकवायचा तर फांदी कापून तीच रुजवावी लागते. अडीच शतकांच्या आसपास माणसं हेच करत आली आहेत: फांदीची फांदी, तिची पुन्हा फांदी.

कोकणातल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. हापूसची कोय पुरली तर हापूसच लागेल, अशी हमी तिथं कुणी देत नाही. रायवळाच्या खुंटावर हापूसची काडी बसवायची, मग ते भेट कलम असो की कोय कलम. पोर्तुगिजांच्या काळात गोव्यात कलमांची कला रुजली आणि या आंब्याला नावही एका पोर्तुगीज सेनानीचं, आफोन्सो द आल्बुकर्कचं, मिळालं. आजोबांनी लावलेलं कलम दाखवताना नातू सहज म्हणतो, ‘हे आमचं मूळ झाड.’ पण त्यात जमिनीखालचं मूळ रायवळाचं, वरचा विस्तार हापूसचा आणि ती काडीसुद्धा आणखी कुणाच्या तरी बागेतल्या झाडाची. मग मूळ कुणाचं?

हा प्रश्न बागकामापुरता नाही. बृहदारण्यक उपनिषदाच्या तिसऱ्या अध्यायात जनकाच्या सभेतला मोठा वाद आहे. एकामागून एक विद्वान याज्ञवल्क्यांना प्रश्न विचारून थकतात आणि शेवटी याज्ञवल्क्य उलट सगळ्या सभेलाच एक प्रश्न घालतात. तो झाडाचा आहे. माणूस झाडासारखाच, असं ते आधी मांडतात: केस म्हणजे पानं, कातडी म्हणजे साल, रक्त म्हणजे चीक. मग ते पेच टाकतात. झाड तोडलं तर मुळातून पुन्हा फुटतं. मृत्यूनं तोडलेला माणूस कोणत्या मुळातून फुटतो? बीजातून, असं म्हणून सुटता येणार नाही, कारण बीज जिवंत माणसाचं असतं. आणि झाड समूळ उपटलं तर तेही पुन्हा उगवत नाही. सभा गप्प राहते. पुढे उपनिषद आपलं उत्तर देतं आणि ते ब्रह्माकडे नेतं, पण उपमेतला बारकावा आधी पाहण्यासारखा आहे. मुळातून फुटणं आणि बीजातून येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्या सभेत कुणाला तरी नेमकं दिसलं होतं. फांदी तोडून ती दुसरीकडे रुजवण्याची तिसरी वाट मात्र त्या प्रश्नात येत नाही. फ्लॉरेन्स कोर्टचं झाड नेमकं त्या वाटेवर उभं आहे.

ही वाट जवळून पाहावी. ज्युनिपरसारख्या सूचिपर्णी झाडाची पेन्सिलीएवढी डहाळी ऐन हिवाळ्यात घेतात. ती कात्रीनं कापण्यापेक्षा हलक्या हातानं खाली ओढून काढली तर जुन्या लाकडाची एक चिंचोळी ‘टाच’ तिच्यासोबत येते. खालची पानं खरवडून, टोकाला मुळं फुटण्याचं संप्रेरक लावून ती ओल्या वाळूत खोचायची. कित्येक आठवडे वर काहीही घडत नाही. डहाळी हिरवी राहते, एवढंच. खाली जखमेवर आधी पांढुरक्या गाठी धरतात आणि मग त्यांच्या आसपास, जिथं कधीच मूळ नव्हतं अशा खोडाच्या पेशींतून, मूळ फुटतं. आईच्या मुळाचा एक धागाही सोबत आलेला नसतो. त्या डहाळीनं स्वतःचं मूळ स्वतः घडवलेलं असतं.

आयरिश यूला फार कडक थंडी सोसत नाही. अमेरिकेच्या मधल्या सपाट प्रदेशात, जिथं पारा उणे ३० अंश सेल्सियसच्या घरात जाऊ शकतो, तिथं घराच्या बाजूच्या चिंचोळ्या पट्ट्यात लावण्यासारखं झाड दुसरं आहे. नेब्रास्का राज्यात टेलर नावाचं छोटं गाव आहे. तिथं पूर्व अमेरिकेतल्या लाल सीडरचं, म्हणजे एका ज्युनिपरचंच, असं एक झाड आढळलं की ज्याचा विस्तार वर २० ते ३० फूट आणि रुंदी जेमतेम ३ ते ४ फूट. नेब्रास्का स्टेटवाइड आर्बोरेटम या संस्थेनं ते रोपवाटिकांपर्यंत पोचवलं. इटलीच्या सायप्रसची सर देणारं, पण बर्फात टिकणारं हे झाड ‘टेलर ज्युनिपर’ म्हणून विकलं जातं. आयोवा-मिनेसोटात राहणाऱ्या मराठी कुटुंबाला थंडी पडू लागली की तुळशीची कुंडी घरात घ्यावी लागते. खिडकीबाहेर हे झाड मात्र तसंच उभं राहू शकतं.

ते वाढवणं अवघड नाही, घाई तेवढी चालत नाही. दिवसभर ऊन हवं. पाणी साचणारी जागा अजिबात नको. कुंडीत गोल गोल फिरलेली मुळं लावण्याआधी सोडवावीत, नाहीतर पुढे तीच खोडाला फास लावतात. मातीच्या गोळ्याचा माथा जमिनीच्या पातळीला ठेवावा, खोल पुरू नये. पहिली दोन वर्षं सावकाश, खोलवर पाणी द्यावं आणि शरदात जमीन गोठेपर्यंत ते थांबवू नये. सदाहरित झाडं थंडीत बहुधा कडक ऊन आणि वारा यांनी पोळतात: पानांतून पाणी उडत राहतं, गोठलेल्या जमिनीतून मुळांना ते मिळत नाही, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये दक्षिणेची बाजू तांबूस होते. ओल्या बर्फाच्या ओझ्यानं उभ्या फांद्या फाकू नयेत म्हणून पानगळीनंतर मऊ सुतळीचा सैल वेढा खालून वर द्यावा. शेजारी सफरचंदाचं झाड असेल तर एवढं ध्यानात ठेवावं की सफरचंदाच्या पानांवर पिवळे-नारिंगी ठिपके पाडणारी एक बुरशी आपलं अर्धं आयुष्य ज्युनिपरवर काढते. वसंतातल्या पावसात ज्युनिपरवरच्या गाठींतून नारिंगी, जेलीसारखी शिंगं बाहेर येतात, तीच ती.

या झाडाचा थंडीशी असलेला व्यवहार तत्त्वज्ञाला थांबवून ठेवेल असा आहे. दिवस लहान होऊ लागले की वाढ थांबते, पेशींत साखर वाढते आणि पाणी पेशींबाहेरच्या पोकळ्यांत सरकतं. बर्फ झालाच तर तो पेशीबाहेर होतो, आतला गाभा वाचतो. ही तयारी व्हायला आठवडे लागतात. त्यामुळे जानेवारीत उणे ३० सोसणारी तीच डहाळी सप्टेंबरमध्ये त्याहून कितीतरी सौम्य गोठणीनं मरू शकते. तेच झाड, तीच डहाळी, तरीही सप्टेंबर आणि जानेवारी या दोन महिन्यांत तिची सहनशक्ती दोन वेगळ्या जिवांइतकी बदललेली असते.

मग एकाच आईच्या दोन डहाळ्यांचं काय? एक दक्षिणेच्या भिंतीशी लावली, दुसरी घराच्या पूर्वेला. काही वर्षांनी पहिलीची एक बाजू दर वसंतात तांबूस, दुसरी नखशिखांत हिरवी. रोपवाटिकेच्या चिठ्ठीवर दोघींचं नाव एकच. जर्मन तत्त्वज्ञ लायब्निझ यांनी एक आठवण लिहून ठेवली आहे. हॅनोव्हरजवळच्या हेरेनहाउझेनच्या बागेत राजकन्या सोफीसमोर बोलणं चालू असताना एका गृहस्थाला वाटलं की तंतोतंत सारखी दोन पानं सापडतील, आणि सोफीनं त्याला ती शोधून दाखवायचं आव्हान दिलं. त्यानं बराच वेळ बाग पालथी घातली आणि त्याच्या हाती काही लागलं नाही. लायब्निझ यांच्या दृष्टीनं हे जगाच्या रचनेबद्दलचं सत्य होतं. खरोखर दोन असलेल्या वस्तू कुठंतरी वेगळ्या असणारच. डहाळ्यांच्या बाबतीत ते खरं ठरतं. आनुवंशिक मजकूर एक असला तरी वारा, भिंत, पाणी देणारा हात यांनी लिहिलेलं प्रत्येकीवर वेगळं असतं.

तोच की वेगळा, या प्रश्नाला बौद्ध परंपरेनं दिलेलं उत्तर झाडाच्या जास्त जवळचं आहे, असं वाटतं. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात ग्रीक वंशाचा राजा मिलिंद, म्हणजे मिनँडर, आणि भिक्खू नागसेन यांचा संवाद आहे. पुनर्जन्म घेणारा तोच नसेल, तर तो जुन्या वाईट कर्मांतून सुटणार नाही का, असं राजा विचारतो. नागसेन आंब्याचा दाखला देतात. एकानं दुसऱ्याचे आंबे चोरले आणि पकडल्यावर म्हणाला, ‘यानं लावलेला आंबा वेगळा, मी नेलेले आंबे वेगळे, माझा गुन्हा काय?’ त्याला शिक्षा होईल का? होईल, राजा म्हणतो, कारण नेलेले आंबे लावलेल्या आंब्यापासूनच आले. तेच नव्हेत, पण परकेही नव्हेत, कारण मध्ये अखंड ओघ आहे. इथं ओळख वस्तूच्या आत न शोधता ओघात शोधलेली आहे.

त्या परंपरेनं एक झाडही तसंच जपलं. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सम्राट अशोकाची कन्या संघमित्रा बोधगयेच्या पिंपळाची फांदी घेऊन श्रीलंकेत गेली, असं ‘महावंस’ सांगतो. अनुराधपुरात त्या फांदीचा वृक्ष आजही पूजला जातो. बोधगयेचा जुना वृक्ष १८७६च्या वादळात कोसळला आणि त्याच्या वंशाचं रोप त्या जागी वाढवावं लागलं. अनुराधपुराच्या वृक्षाच्या फांद्या भदंत आनंद कौसल्यायन यांनी नागपूरला आणल्या आणि दीक्षाभूमीवर त्यांतून बोधिवृक्ष उभा राहिला. दीक्षाभूमीवर त्या पानांखाली हात जोडणारा माणूस ‘हे मूळचं झाड का?’ असा हिशेब करत नाही. त्याला तो करायची गरजही नाही. संघमित्रेपासून कौसल्यायनांपर्यंत ती फांदी ज्यांनी ओलीत ठेवली, ते हात त्या झाडात आले आहेत.

फांदीच्या अमरत्वाचा खरा प्रश्न इथं आहे. स्वीडनमध्ये फुलूफ्येलेट डोंगरावर स्प्रूसचं एक सडपातळ, काटक झाड आहे, ‘ओल्ड त्यिको’ नावाचं. त्याच्या खाली सापडलेल्या लाकडाचं वय कार्बन पद्धतीनं ९,५५० वर्षं निघालं. वरचं खोड त्या मानानं अगदी अलीकडचं. जुनं खोड गेलं तरी खालचं जिवंत राहतं, बर्फानं दाबलेल्या फांद्या जमिनीला टेकल्या की तिथंच मुळं धरतात. याज्ञवल्क्यांच्या उपमेतलं झाड म्हणजे हेच. त्याला कुणाची गरज नाही. आयरिश यूचं तसं नाही. उद्या माणसांनी फांद्या रुजवणं थांबवलं, तर आज उभी असलेली झाडं आपापल्या आयुष्यानं संपतील, बिया आडव्या झाडांना जन्म देतील आणि तो उभा आकार जगातून जाईल. यू पुष्कळ जगतो, तेव्हा घाई नाही. पण त्या आकाराचं टिकणं त्याच्या मुळात नाही. ते दर पिढीत कुणीतरी चाकू हातात घेऊन आईच्या खांद्यावरून एक डहाळी नीट काढण्यात आहे. संत-संप्रदायातली अनुग्रहाची परंपरा ज्यांनी जवळून पाहिली आहे त्यांना ही गोष्ट ओळखीची वाटेल. तिथंही रक्ताच्या वारशानं काम भागत नाही, एकानं दुसऱ्याला हात लावावा लागतो.

फ्लॉरेन्स कोर्टच्या जंगलात ते झाड पाहायला आता वाट केलेली आहे. लांबून येणारे लोक काळा-हिरवा, रेखीव खांब दिसेल या अपेक्षेनं चालत जातात. समोर दिसतो तो एक विरळ, विस्कटलेला वृद्ध वृक्ष. भोवतालच्या झाडांनी त्याच्यावर सावली धरली आहे आणि पिढ्यान्‌पिढ्या रोपांसाठी त्याच्या फांद्या छाटल्या गेल्या आहेत. आयर्लंडमधल्या कुठल्याही गावच्या दफनभूमीतला यू त्याच्यापेक्षा जास्त आयरिश यूसारखा दिसतो.