कानावर पडलेलं

मराठीत ‘ऐकणं’ आणि ‘कानावर पडणं’ या दोन वेगळ्या क्रिया आहेत. ऐकतो मी. कानावर पडतं ते आपसूक, त्याआधी मला कुणी विचारलेलं नसतं. गेलं वर्षभर काम करताना मी बीबीसी रेडिओ फोर लावून ठेवतो आणि माझा प्रश्न या दुसऱ्या क्रियेबद्दल आहे. आपण न मागितलेलं, मुळात आपल्यासाठी नसलेलं काहीतरी आपल्या कानावर पडावं, याला काही नैतिक मोल आहे का? की ती फक्त जुन्या तंत्रज्ञानाची अडचण होती, जी आम्ही इंजिनिअर मंडळींनी दूर केली?

प्रश्न पोटापाण्याशीही जोडलेला आहे. माझी टीम एका ॲपसाठी ‘तुम्हाला हेही आवडेल’ छापाच्या याद्या बनवते. आमच्या लेखी चांगली यादी म्हणजे जिच्यात तुम्हाला पुढे सरकवावंसं काहीच वाटत नाही ती.

रेडिओ फोरचा दिवस या निकषावर साफ नापास होईल. ३० सप्टेंबर १९६७ला बीबीसीच्या जुन्या ‘होम सर्व्हिस’च्या जागी हे स्टेशन आलं. इथे गाणी जवळपास नाहीतच, दिवसभर माणसं बोलतात. जाहिराती नाहीत, खर्च टीव्ही लायसन्सच्या पैशांतून निघतो. पहाटे शेतीचा कार्यक्रम. सहा ते नऊ ‘टुडे’, म्हणजे बातम्या आणि मंत्र्यांची उलटतपासणी. तिच्या मध्येच, पावणेआठच्या सुमारास, कुणी पाद्री, रब्बी, इमाम किंवा शीख अभ्यासक तीनेक मिनिटं चिंतन करून जातो, आणि लगेच परत महागाई. गुरुवारी नऊ वाजता ‘इन अवर टाइम’मध्ये तीन प्राध्यापक एकाच विषयावर पाऊण तास बोलतात. मेल्विन ब्रॅग यांनी १९९८ ते २०२५ हा कार्यक्रम चालवला, आणि प्राध्यापक फार लांबण लावू लागले की ते सरळ मध्ये तोंड घालायचे. दहाला ‘वुमन्स अवर’, १९४६पासूनचा. (त्याचा पहिला निवेदक पुरुष होता. यावर वेगळं काही बोलायची गरज नाही.) एकला बातम्या, मग नाटक. संध्याकाळी सातला ‘द आर्चर्स’, एका काल्पनिक गावाची मालिका, १९५१पासून अखंड. युद्धानंतर देशात अन्नधान्याची टंचाई होती. शेतकऱ्यांपर्यंत नव्या पद्धती पोचाव्यात म्हणून ती गोष्टीत गुंडाळून दिली जायची. भांडण सासू-सुनेचं, मधून माहिती खतांची.

तिथले सकाळचे सहा म्हणजे उन्हाळ्यात आपले साडेदहा, त्यामुळे ‘टुडे’ आणि माझं ऑफिस बरोबरच सुरू होतं. पण ऑन-कॉल असताना जे ऐकलं, त्याने मला विचार करायला लावलं. तिथले पाऊण वाजून गेले की, म्हणजे आपल्याकडे पहाटे सव्वापाचच्या पुढेमागे, ‘शिपिंग फोरकास्ट’ लागतो. ब्रिटनभोवतीच्या समुद्राचे ३१ भाग केलेले आहेत: व्हायकिंग, फोर्टीज, डॉगर, जर्मन बाइट, फास्टनेट, रॉकॉल, हेब्रिडीज. ठरलेल्या क्रमाने एकेका भागाचं नाव घेऊन वारा कुठून आणि किती जोराचा, पाऊस आहे का, किती लांबचं दिसेल, एवढंच सांगायचं. त्यातलं एक नाव, फिट्झरॉय, २००२मध्ये बदलून आलं. डार्विन ज्या ‘बीगल’ जहाजातून गेला, त्याचे हे कप्तान. पुढे ब्रिटनचं हवामान खातं त्यांनीच उभं केलं. सगळा मजकूर जेमतेम साडेतीनशे शब्दांत बसवावा लागतो, म्हणून क्रियापदं जवळपास नसतातच.

हे बातमीपत्र कुणासाठी आहे? समुद्रात असलेल्यांसाठी. आजच्या जहाजांकडे याहून चांगली साधनं आहेत. आणि ऐकणाऱ्यांतले बहुतेक जण गादीवर पडलेले असतात, त्यांच्याकडे साधी होडीही नसते. तरी याच्या वेळापत्रकाला हात लावायचा म्हटलं की लोक खवळतात. याचं नेहमीचं स्पष्टीकरण म्हणजे ‘त्या लयीने झोप चांगली लागते’. खरं असेल, पण मला ते अपुरं वाटतं. रॉकॉलला नऊ नंबरचा वारा आहे हे ऐकताना मला कळतं की या क्षणी तिथे कुणीतरी आहे, आणि सांगणारा त्याच्याशी बोलतोय, माझ्याशी नाही. माझ्याकडून कुणाला काही नको आहे. देणगी नको, लाइक नको, मतही नको. फक्त दुसऱ्या कुणाची तरी रात्र माझ्या कानावरून गेली.

शाळेत आपण प्रथम, द्वितीय आणि तृतीय पुरुष शिकलो. आम्ही बनवतो ते फीड अथपासून इतिपर्यंत द्वितीय पुरुषी असतं: तुमच्यासाठी, तुमच्या आवडीचं, तुम्ही पाहिलंत म्हणून. त्यात ‘तो’ आणि ‘ती’ येतात ते तुमच्या करमणुकीचा किंवा तुमच्या रागाचा माल म्हणून. रेडिओच्या वेळापत्रकात मात्र माझ्यादेखत दुसऱ्याशी बोललं जातं. मेंढ्यांच्या रोगाबद्दल मेंढपाळाशी बोललेलं मी ऐकतो, आणि गुरुवारी तोच मेंढपाळ, रेडिओ चालू राहिलाच तर, एखाद्या तत्त्वज्ञावरची चर्चा ऐकतो. जग आपल्या मापाने शिवलेलं नाही, ही जाणीव कुणी भाषण देऊन होत नाही. ती अशी आडवाटेने होत असावी. म्हणून मी कानावर पडण्याला नैतिक मोल आहे असं म्हणतो.

पण इथे एक मोठी अडचण आहे, आणि ती मराठी माणसाने तरी विसरू नये. ‘लोकांना काय हवंय यापेक्षा त्यांनी काय ऐकायला हवं’ हा विचार बीबीसीत जॉन रीथ यांनी रुजवला. आपल्याकडे त्याचा कळस बा. वि. केसकरांनी गाठला. १९५२मध्ये ते माहिती-प्रसारण मंत्री झाले. शास्त्रीय संगीताचे जाणकार आणि सिनेसंगीत हलकं मानणारे. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून हिंदी सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली. लोकांनी काय केलं? ते गुपचूप केदार-मारवा ऐकत बसले नाहीत. त्यांनी सुई फिरवून रेडिओ सिलोन लावला. शेवटी १९५७मध्ये आकाशवाणीलाच विविध भारती सुरू करावी लागली. तेव्हा ‘न मागितलेलं ऐकणं चांगलं’ या वाक्याचा ‘म्हणून आम्ही सांगू ते ऐका’ व्हायला वेळ लागत नाही. रेडिओ फोरही यातून सुटलेलं नाही. सकाळच्या त्या चिंतनात श्रद्धा न मानणाऱ्या विचारवंतांना जागा नाही आणि त्याबद्दलची तक्रार कित्येक वर्षं चालू आहे.

फरक मला एवढाच दिसतो की तक्रार करता येते. वेळापत्रक सगळ्यांना एकच आणि सगळ्यांसमोर असतं, म्हणून त्यावर भांडता येतं. पहाटे स्टेशन सुरू होताना ब्रिटनच्या लोकसंगीतातून गुंफलेली पाचेक मिनिटांची एक धून १९७८पासून लागायची. २००६मध्ये ती बंद करायचं ठरलं तेव्हा सह्यांच्या मोहिमा निघाल्या, पार्लमेंटमध्ये ठराव मांडला गेला. धून गेलीच. पण कुणी काढली आणि का, हे लोकांना माहीत होतं. केसकरांचं नावही आज आपल्याला घेता येतं. तुमच्या फीडमधून गेल्या महिन्यात काय काढलं गेलं, हे तुम्हाला कुठून कळणार? खरं सांगायचं तर ते आम्हालाही नीट सांगता येत नाही, कारण प्रत्येकाच्या बाबतीत वेगळं काहीतरी निघालेलं असतं.

यावर आमच्याकडचा उपाय म्हणजे यादीत मधूनच अनपेक्षित काहीतरी टाकायचं. पण ते टाकलेलं बरोबर होतं का, हे ठरतं तुम्ही त्यावर बोट ठेवलंत का यावरून. म्हणजे तेही शेवटी तुमच्यासाठीच झालं. टीममध्ये माझं म्हणणं आहे की दिवसातून एक गोष्ट सगळ्यांना तीच दाखवा आणि तिचं मोजमाप करू नका. शेजारी बसणारा मित्र विचारतो, “मग ती कोण ठरवणार?” केसकर हे नाव त्याने ऐकलेलं नाही, पण प्रश्न तोच आहे. कुणीतरी ठरवावं, खाली स्वतःचं नाव लिहावं आणि शिव्या खायची तयारी ठेवावी, यापलीकडे माझ्याकडे अजून उत्तर नाही. आणि सिलोनकडे जाणारी सुई अर्थातच शिल्लक हवी.