मे महिन्यातली संहिता

परीक्षा संपल्या की पुण्यातल्या महाविद्यालयांच्या नाट्यमंडळांत एकच प्रश्न फिरू लागतो : यंदा काय करायचे? ऑगस्टमध्ये भरत नाट्य मंदिरात पुरुषोत्तम करंडक या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेची प्राथमिक फेरी सुरू होते. त्याआधी तालमी हव्यात आणि तालमींच्या आधी संहिता हवी. त्यामुळे मे महिना हा कॉलेजच्या रंगभूमीचा लिहिण्याचा महिना. बरोबरीची मुले इंटर्नशिप शोधत असतात, तेव्हा एखादी नाटकवेडी मुलगी वही उघडून बसते. घरातून तिला दुसराच प्रश्न येत असतो : नाटक ठीक आहे, पण पुढे काय करणार?

हे दोन्ही प्रश्न वरवर वेगळे दिसतात. प्रत्यक्षात दोन्हींच्या मुळाशी एकच काळजी असते. आपण जे निवडले, ते लोक स्वीकारतील का? मराठी नाटककारांच्या गेल्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांकडे पाहिले, तर या काळजीला प्रत्येक पिढीने वेगळे उत्तर दिलेले दिसते.

विजय तेंडुलकरांनी विशीच्या सुमारास ‘गृहस्थ’ लिहिले. ते चालले नाही, आणि यापुढे नाटक लिहायचे नाही असे त्यांनी ठरवून टाकले. सुदैवाने तो निश्चय टिकला नाही. ‘श्रीमंत’ आले, त्यापाठोपाठ इतर नाटके आली आणि पुढे ‘गृहस्थ’च नव्या रूपात ‘कावळ्यांची शाळा’ म्हणून रंगमंचावर आले. नाकारलेली संहिता त्यांनी फेकून दिली नाही, हे आज लिहिणाऱ्या मुलांना आवर्जून सांगायला हवे. पहिल्या नाटकाचा निकाल हा त्या नाटकाचा असतो. तो लिहिणाऱ्या माणसाचा निकाल समजून कितीतरी जण तिथेच थांबतात.

तेंडुलकरांच्या पिढीत स्वीकार म्हणजे प्रेक्षकांचा स्वीकार, असाच अर्थ होता. 1960 नंतर त्यात बदल झाला. ‘रंगायन’सारखी संस्था, ‘सत्यकथे’सारखे मासिक, थोडा पण जाणता प्रेक्षक यांच्यामुळे नव्या लेखकाला आणखी एक दार उघडले. नागपुरात शिकत असलेल्या महेश एलकुंचवारांनी तेंडुलकरांचे ‘मी जिंकलो! मी हरलो!’ हे नाटक पाहिले. दिग्दर्शन विजया मेहतांचे होते. त्या प्रयोगाने हा तरुण इतका हलला, की त्याने नाटके झपाटल्यासारखी वाचून काढली आणि मग लिहायला घेतले. 1967 मध्ये त्यांची ‘सुलतान’ ही एकांकिका ‘सत्यकथे’त छापून आली. ती विजयाबाईंच्या वाचनात आली आणि एलकुंचवारांच्या एकांकिका रंगमंचापर्यंत पोचल्या. आधी पाहणे, मग वाचणे, मग लिहिणे हा क्रम महत्त्वाचा आहे. आजच्या मुलांकडे पाहायला खूप आहे; नाट्यसंहिता वाचण्याची सवय मात्र कमी झाली आहे. त्याची किंमत पहिल्या मसुद्यात लगेच दिसते : संवाद चटपटीत असतात, पण प्रसंग पुढे सरकत नाही.

एलकुंचवारांच्या प्रवासात आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. ‘होळी’मध्ये कॉलेजातल्या मुलांचा उद्रेक होता, ‘गार्बो’मध्ये महानगरी एकाकीपण होते. 1985 मध्ये ‘वाडा चिरेबंदी’ आले, आणि विदर्भातल्या ज्या जगात ते वाढले ते सारे त्यात उतरले : देशपांड्यांचा पडका वाडा, घरातली बोली, मोठ्या भावाचा पोकळ मान, दागिन्यांवरून होणारी ओढाताण. आपल्या घराबद्दल लिहिण्याचा धीर येण्यासाठी लेखकाला बराच मोठा वळसा घ्यावा लागतो. विशीतल्या लेखकाने पहिल्याच संहितेत दूरच्या युद्धावर लिहिले म्हणून त्याला हसू नये. पण त्याच्याच चाळीतल्या पाण्याच्या वेळेवर नाटक होऊ शकते, हेही त्याला कुणीतरी सांगावे. प्रेमानंद गज्वींची ‘घोटभर पाणी’ ही एकांकिका अनेक भाषांत गेली. तिचा विषय नावातच आहे, आणि त्या घोटामागे जातिव्यवस्थेचा सगळा इतिहास उभा आहे.

‘पुढे काय करणार?’ या घरच्या प्रश्नाला सतीश आळेकरांच्या आयुष्यात फार चांगले उत्तर सापडते. कॉलेजच्या नाटकातले त्यांचे काम पाहून भालबा केळकरांनी त्यांना प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन (पीडीए) या आपल्या नाट्यसंस्थेत बोलावले. 1969 मध्ये त्यांनी ‘झुलता पूल’ ही पहिली एकांकिका लिहिली आणि बसवली. जीवरसायनशास्त्रात एमएस्सी केले, पुण्यातल्या बी. जे. मेडिकल कॉलेजात संशोधनाची नोकरी केली. ती नोकरी सांभाळून ‘महानिर्वाण’, ‘बेगम बर्वे’ ही नाटके झाली. नंतर त्यांनी पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्राची धुराही वाहिली. नोकरी की नाटक, असा एकाच दिवशी, एकाच फटक्यात करायचा निवाडा इथे नव्हता. दोन्ही ओझी बरीच वर्षे एकत्र उचलली गेली.

एकटा लेखक ही कल्पनाही त्याच काळात सैल झाली. आळेकरांच्या पुढाकाराने थिएटर अकॅडमी या नाट्यसंस्थेने 1985 पासून नव्या नाटककारांसाठी योजना चालवली. लिहिलेले इतरांसमोर वाचायचे, ऐकून घ्यायचे, पुन्हा लिहायचे, ही शिस्त त्यातून रुजली. आज कॉलेजच्या पहिल्या वाचनात जे घडते ते याच वळणाचे आहे. सीनियर म्हणतो, दुसरे पात्र काढून टाक. दिग्दर्शक म्हणतो, शेवट बसत नाही. जिच्यासाठी अख्खी एकांकिका लिहिली ती ओळ तालमीत गळते. इथे स्वीकार लेखकाला करायचा असतो, आणि तो टाळ्या मिळण्यापेक्षा अवघड आहे. मात्र त्यालाही मर्यादा हवी. ज्या गोष्टीसाठी लिहायला घेतले तीच सुटणार असेल, तर अडून बसण्याचा अधिकार विशीतल्या लेखकालाही आहे.

स्पर्धेने या मुलांना खूप दिले. तासाभराचे बंधन दिले, तारीख दिली, भरलेले नाट्यगृह आणि ‘आव्वाज कुणाचा’ची आरोळी दिली. पण ‘यंदा काय चालेल?’ हा रोगही तिथेच बळावला. 2022 मध्ये पुरुषोत्तमच्या परीक्षकांनी एकही एकांकिका करंडकाच्या तोलाची नाही असे ठरवून तो कुणालाच दिला नाही. त्यावर खूप चर्चा झाली. मुलांना तो निकाल झोंबला, आणि ते स्वाभाविक होते. तरीही परीक्षकांनी आपल्याकडून मोठी अपेक्षा ठेवली, ही त्यातली बाजू सन्मानाची होती.

म्हणून महाविद्यालयांना आणि माजी विद्यार्थ्यांना एक विनंती आहे. मे महिन्यात एक खोली आणि एक पंखा या मुलांना मिळू द्या. नवी संहिता शेवटच्या पानापर्यंत ऐका, आणि ‘हे बसेल का?’ असे विचारण्याआधी ‘हे तुला का लिहावेसे वाटले?’ असे विचारा. ऑगस्टमध्ये प्राथमिक फेरीची तिकिटे काढून त्यांची नाटके पाहायलाही या.