शेताची जागा कोणाला सांगावी?

शेताचा पत्ता विचारला तर आमच्याकडचा जुना माणूस अजून माणसांचीच नावं सांगतो. उगवतीला अमक्याचं शेत, मावळतीला नाला, वरच्या अंगाला जंगल, खाली चुलत्याचा वाटा. खरेदीखतात यालाच चतुःसीमा म्हणतात. नवी पोरं पत्ता सांगत नाहीत, पाठवतात. "काका, लोकेशन टाकलंय, या." मग ज्याने आमचं शिवार जन्मात पाहिलं नाही, तो खांडबाऱ्याहून निघालेला ट्रॅक्टरवाला बरोबर बांधावर येऊन उभा राहतो. मळणीयंत्र येतं, ठिबकवाला येतो, अडीनडीला १०८ ची गाडी येते. हे चांगलंच आहे. ज्याला यात वाईट दिसतं त्याने पावसाळ्यात रात्री एखाद्या पाड्यावर गाडी बोलावून बघावी.

पण सोयीचं ते सगळं बरोबरच, असं कुठे असतं? माझं शेत कुठे आहे हे ज्याला गरज आहे त्याला कळणं वेगळं, आणि ते कोणालाही दिसेल असं मांडून ठेवणं वेगळं. शेताची जागा ही माहिती मुळात कोणाची, यावर मी बऱ्याच दिवसांपासून विचार करतोय.

मोजणीची भीती आपल्या खानदेशाला जुनी आहे. १८५२ साली इंग्रज सरकारची जमीनमोजणी आली तेव्हा सावदा-फैजपूरकडच्या शेतकऱ्यांनी तिला उघड विरोध केला. ते लोक काही अडाणी नव्हते. मोजणीच्या मागून सारा येतो हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. साखळी धरणारा माणूस कोणाच्या पगारावर आहे, हे शेतकरी आधी बघतो.

आमच्या नवापूर-नंदुरबार भागात मात्र पुढे उलटं घडलं. इथे लोकांनाच मोजून हवं होतं. २००६ साली वनहक्काचा कायदा झाला. जो आदिवासी १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून वनजमीन कसतोय, त्याला ती जमीन जास्तीत जास्त चार हेक्टरपर्यंत, नवरा-बायको दोघांच्या नावावर मिळणार. विकता येणार नाही, पण लेकरांना मिळेल. ज्यांचं शेत कुठल्याच सरकारी कागदावर नव्हतं, ज्यांना अतिक्रमणवाला म्हणून हुसकलं जायचं, ती माणसं जीपीएसचं यंत्र हातात घेऊन आपल्याच शेताला कडेकडेने फेरी मारू लागली. त्यांच्यासाठी नकाशावर येणं म्हणजे माणसांत येणं होतं. म्हणून नकाशाच वाईट, असं मी म्हणणार नाही. काढतो कोण, आणि ठेवतो कोण, एवढं बघावं.

आता खरं कोणाचं धरायचं, यंत्राचं की म्हाताऱ्याचं? यंत्राला जागा सांगायला निदान चार उपग्रह लागतात. उघड्या माळावर साधा फोन चार-पाच मीटरने इकडेतिकडे होतो. झाडीत, दरीत त्याहून जास्त. आपला गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, मीटरमध्ये सांगायचं तर दहा बाय दहा. म्हणजे पाच मीटरची चूक गुंठ्याचा निम्मा अंग खाते. नाल्याकाठची अरुंद पट्टी कसणाऱ्याला हे फार झालं. वरून काढलेल्या जुन्या चित्रांचीही तीच गत. मोह, साग राखून मधे भात-नागली केलेली असेल, तर आकाशातून ते जंगलच दिसणार.

म्हातारा वेगळं सांगतो. "या मोहाखाली माझ्या बापाचं खळं होतं." माझा पाय आज कुठे आहे ते यंत्राला कळतं. पण तो कधीपासून तिथे आहे ते त्याला कळत नाही, आणि कायदा तर नेमकं तेच विचारतो. गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब या कायद्याच्या नियमांत पुरावा म्हणून धरला आहे. २०१२ साली नियमांत दुरुस्ती झाली, तीत तर स्पष्ट लिहिलं की उपग्रहाची चित्रं दुसऱ्या पुराव्याला जोड म्हणून चालतील, त्याच्या जागी नाही. मला हे वाक्य फार शहाणं वाटतं. पण कागदावर शहाणपण असलं तरी टेबलापलीकडचा माणूस आधी पडद्याकडेच बघतो, हेही पाहिलंय.

(रेघेचं काय घेऊन बसलात! आमच्या नवापूरच्या स्टेशनावरूनच राज्याची हद्द जाते. तिथे एका बाकावर अर्धं महाराष्ट्र आणि अर्धं गुजरात लिहिलंय. बसणारा ऐसपैस बसतो.)

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली. शेतकऱ्याने स्वतः शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा, म्हणजे सातबाऱ्यावर पीक चढतं. आपलं पीक आपण सांगायचं, हे मला पटलं. पण घरोघर तसा फोन कुठे आहे? मग पाड्यातला एखादा शिकलेला पोरगा पाच-दहा घरांची पाहणी करून देतो. पैसे घेत नाही, चहा घेतो. त्याच्या फोनमध्ये मग सगळ्यांची शेतं गोळा होतात.

अशाच एका पोराने हौसेने पाड्याचा नकाशा केला. प्रत्येक तुकड्यावर नाव घातलं आणि गावाच्या ग्रुपवर टाकला. ज्याला त्याला कौतुक. एक म्हातारी मात्र त्याच्या दारात आली. तिचा वनहक्काचा दावा अजून लोंबकळत होता. म्हणाली, "माझं शेत तू कोणाला विचारून दाखवलं?"

पोरगा म्हणाला, "आजी, त्यात लपवायचं काय? वरून सगळं दिसतंच."

त्याचं म्हणणं वरवर खरं आहे. पण वरून दिसतो तो हिरवा तुकडा. त्याच्यावर नाव लिहिलं की तो कोणाचा तरी होतो, आणि मग जमिनीच्या दलालालाही तो वाचता येतो, भांडखोर भाऊबंदालाही. दिसणं आणि दाखवणं यात हा फरक आहे. शिवाय बांध एकट्याचा कधीच नसतो. माझ्या शेताची रेघ मी ओढली की शेजाऱ्याच्या शेताची एक बाजू आपोआप ओढली जाते. म्हणून मी माझ्या घरच्या पोरांना सांगितलंय, फोन घेऊन फेरी मारायची तर शेजाऱ्याला बरोबर घ्या. यंत्राची पाच मीटरची चूक तो जागेवर मिटवतो. आणि डोंगरातला झरा, मधाचे कडे, मोहाची झाडं यांच्या जागा तर टाकूच नका. त्या सगळ्या पाड्याच्या आहेत, द्यायच्याच असतील तर ग्रामसभेत बसून ठरवू.

पोराने ग्रुपवरचा नकाशा काढून टाकला. तो चांगला पोरगा आहे, रागावला नाही. फोनमधलाही पुसायला निघाला, तर म्हातारीनेच थांबवलं.

"पुसू नको. माझ्या शेताचा तेवढा कागदावर काढून आण. माझ्या पेटीत ठेवते."

खांडबाऱ्याला झेरॉक्सच्या दुकानात त्याने दोन प्रती काढल्या. दुसरी तिने शेजाऱ्याला दिली.