काजूच्या बागेतून आलेला ताप

सावंतवाडीची गाडी ठाण्याहून सुटते तेव्हा निम्मा डबा डोंबिवली-कल्याणचाच असतो. मे महिना, गाव, काजू, आंबे. परतताना मात्र एखाद्याच्या अंगात कणकण असते. दवाखान्यात डेंग्यूची तपासणी होते, मलेरियाची होते, आणि ‘गावी गेला होतात का?’ हा प्रश्न राहून जातो. डॉक्टरांनी विचारलं नाही, तरी आपण सांगावं.

कारण सावंतवाडीजवळच्या दोडामार्ग-बांदा भागात 2016 पासून माकडताप आहे. 1957 साली कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं पटापट मरू लागली आणि पाठोपाठ माणसंही आजारी पडली, तेव्हा या तापाचा विषाणू सापडला. नाव माकडाचं, पण चावते ती गोचीड. तीही बहुधा तिळाएवढं पिल्लू. ती चावल्याचं कळतही नाही. साधारण आठवड्याभरात अचानक जोराचा ताप, असह्य डोकेदुखी, अंगदुखी, लाल डोळे. काहींना नाकातून, हिरड्यांतून रक्त. काहींचा ताप उतरून पुन्हा उलटतो, हे विशेष. नेमकं औषध नाही. वेळेवर दाखल झालं तर बहुतेक जण बरे होतात. माणसाकडून माणसाला तो सहसा होत नाही, म्हणून शेजाऱ्यांनी दार लावून घेऊ नये.

बागेत जाताना पूर्ण बाह्यांचे कपडे, पायजमा मोज्यात, अंगाला गोचीडरोधक तेल. पालापाचोळ्यावर बसकण नको. घरी येताच गरम पाण्याने आंघोळ, कपडेही गरम पाण्यात. मेलेलं माकड दिसलं तर मुलांना लांब ठेवा, हात लावू नका आणि आरोग्य केंद्राला कळवा.